चामखीळ आणि कर्करोग : एका कारणमीमांसेचा इतिहास

१

गुदद्वाराचा कर्करोग हा तुलनेने विरळ रोग होय. सर्वसाधारण लोकसंख्येत दर वर्षी लाखामागे एक-दोन व्यक्तींनाच तो जडतो. तथापि रोगांच्या कारणमीमांसेच्या इतिहासात या विरळ रोगाने व्यापलेली जागा त्याच्या आकड्यांच्या मानाने फार मोठी आहे. १९९७ साली डेन्मार्क व स्वीडन या दोन देशांतील रुग्णांवर आधारलेले एक संशोधन ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मॉर्टन फ्रिश व त्यांचे सहकारी यांनी त्यात असा निष्कर्ष मांडला की, या कर्करोगाचे बहुतांश प्रकार लैंगिक संसर्गातून उद्भवणाऱ्या एका विषाणूमुळे होतात. ज्या रोगाचे खापर शतकभर मूळव्याध, भगंदर व तत्सम ‘जुनाट दाहा’वर फोडले जात होते, त्याचे मूळ अगदी निराळ्या ठिकाणी सापडले.

हा निष्कर्ष प्रयोगशाळेतील एखाद्या शोधातून एकाएकी निघालेला नाही. त्यामागे सुमारे दीडशे वर्षांची वाटचाल आहे. या वाटचालीत उपकरणांच्या उणिवेइतकाच अडथळा नावांनी केला. कोणत्या विकृतीला कोणत्या नावाखाली घालावयाचे, कोणत्या रोगाचा उच्चार करावयाचा आणि कोणत्या रोगाविषयी मौन पाळावयाचे, या गोष्टींनी वैद्यकीय विचाराची दिशा अनेकदा ठरविली. प्रस्तुत निबंधात या कारणमीमांसेचा इतिहास तिच्या शब्दांच्या इतिहासासह पाहावयाचा आहे.

२

मराठीतील ‘चामखीळ’ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ या शब्दापासून आला आहे. ‘चर्म’चे ‘चाम’ झाले आणि ‘कील’ शब्द प्राकृतातील ‘खील’ या रूपातून मराठीत ‘खीळ’ म्हणून स्थिरावला. कातडीत ठोकलेली खीळ, अशी ही मूळ कल्पना. आज मराठी माणूस हाताच्या किंवा मानेच्या चामखिळीचा गुदद्वाराशी काही संबंध जोडणार नाही. परंतु सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात चर्मकीलाचे वर्णन येते ते अर्शांच्या, म्हणजे मूळव्याधीच्या, अध्यायात. त्याच अध्यायात गुदाबरोबरच जननेंद्रियांवर उद्भवणाऱ्या मांसांकुरांचाही समावेश केलेला आहे. अंकुरासारखी वाढ हे बाह्यलक्षण समान असल्याने त्या सर्वांची गणना एका वर्गात झाली. हे वर्गीकरण दृश्य रूपावर आधारलेले असल्याने त्यातील प्रत्येक संज्ञेचा आजच्या एकेका रोगाशी मेळ घालू पाहणे सयुक्तिक होणार नाही.

पाश्चात्त्य परंपरेतही असाच प्रकार दिसतो. ‘कॉन्डिलोमा’ हा ग्रीक शब्द ‘बोटाचे पेर’ या अर्थाच्या शब्दावरून बनला. लॅटिनमध्ये गुदाजवळच्या अशा वाढीला ‘फिकुस’, म्हणजे अंजीर, म्हणत असत. मार्शल या रोमन कवीने आपल्या उपहासपर कवितांत या शब्दावर श्लेष साधले आहेत. त्या श्लेषांत रोग्याविषयीची अनुकंपा नसून त्याच्या कथित आचरणाची टवाळी आहे. अर्थात् ही वाढ आणि लैंगिक व्यवहार यांचा काही संबंध असावा, ही जाणीव लोकव्यवहारात फार जुनी होती. ती जाणीव थट्टेच्या रूपात टिकली, पण ज्ञानाच्या रूपात मात्र आली नाही.

लैंगिक रोगांच्या नावांत दोषारोपाची प्रवृत्ती प्रथमपासून आढळते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उपदंशाची मोठी साथ उसळली, तेव्हा इटालियनांनी त्याला ‘फ्रेंच रोग’ म्हटले, तर फ्रेंचांनी ‘नेपल्सचा रोग’. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात भावमिश्राने त्यास ‘फिरंग’ हे नाव देऊन त्याचा संबंध फिरंग्यांशी जोडला. व्हीनस या प्रेमदेवतेच्या नावावरून युरोपीय भाषांत ‘व्हेनेरियल’ ही संज्ञा रूढ झाली. मराठीत ‘गरमी’ व ‘परमा’ ही नावे लोकांच्या तोंडी राहिली. त्यांपैकी ‘परमा’ हा शब्द ‘प्रमेह’ या जुन्या संज्ञेचा अपभ्रंश होय. या सर्वांवर ‘गुप्तरोग’ हे एक सामान्य नाव पसरले. रोग गुप्त म्हणजे लपविण्याजोगा, असा त्याचा अर्थ. ज्या रोगाच्या नावातच लपविण्याचा आदेश आहे, त्याचा रोगी वैद्याकडे वेळेवर जाईल अशी अपेक्षा बाळगणे कठीण.

३

अठराव्या शतकापर्यंत उपदंश, परमा आणि जननेंद्रियांवरील चामखिळी ही सर्व एकाच विषाची निरनिराळी रूपे मानली जात. १८३८ मध्ये फिलिप रिकॉर या फ्रेंच वैद्याने उपदंश व परमा हे दोन स्वतंत्र रोग असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १८७९ मध्ये आल्बर्ट नाइसर याने परम्याचा जंतू शोधला आणि १९०५ मध्ये फ्रिट्झ शाउडिन व एरिख हॉफमन यांना उपदंशाचा मळसूत्री जंतू आढळला. या विभाजनात चामखिळी अनाथ राहिल्या. त्यांचा जंतू सापडेना. तेव्हा परम्याच्या स्रावाने किंवा अस्वच्छतेने कातडी चिडते व तिच्यावर अशी वाढ होते, असा ‘दाहा’चा सिद्धांत पुढे आला.

१९०७ मध्ये जुझेप्पे चुफ्फो या इटालियन वैद्याने सामान्य चामखिळीचा अर्क जंतूही अडतील अशा बारीक गाळणीतून गाळला आणि तो स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. काही महिन्यांनी तेथे चामखीळ उगवली. गाळणीतून पार होणारा, म्हणजे जंतूहून सूक्ष्म असा, कोणी कारक आहे हे त्यावरून सिद्ध झाले. तरीही जननेंद्रियांवरील चामखीळ संभोगातून पसरते ही गोष्ट वैद्यकाने निःसंदिग्धपणे स्वीकारावयास १९५४ साल उजाडावे लागले. कोरियातील युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या पत्नींना, पती घरी आल्यानंतर, अशा चामखिळी झाल्या. त्या सैनिकांना परदेशी असताना तोच विकार जडला होता. बॅरेट, सिल्बर व मॅकगिन्ली यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली व हा रोग लैंगिक संसर्गाचाच आहे असे ठामपणे सांगितले. तथापि हा त्रासदायक परंतु निरुपद्रवी विकार आहे, ही समजूत त्यानंतरही कायम राहिली.

४

कर्करोगाच्या बाजूने येणारी वाट निराळी होती. ‘कर्करोग’ हा मराठी शब्द खेकडा या अर्थाच्या ग्रीक व लॅटिन संज्ञांचे भाषांतर आहे. आयुर्वेदातील जुनी संज्ञा ‘अर्बुद’ ही होय. १८४२ मध्ये दोमेनिको रिगोनी-स्टेर्न याने इटलीतील वेरोना शहराच्या १७६० ते १८३९ या कालखंडातील मृत्युनोंदी तपासल्या. गर्भाशयाचा कर्करोग विवाहित व विधवा स्त्रियांत अधिक, तर अविवाहित स्त्रियांत व मठवासिनींत कमी, असे त्यास आढळले. सूक्ष्मजंतुशास्त्र तेव्हा जन्मास यावयाचे होते. त्यामुळे या आकड्यांमागे एखादा संसर्ग असेल, हा विचार त्या काळी संभवनीय नव्हता.

विषाणू आणि कर्करोग यांचा दुवा प्रथम प्राण्यांत सापडला. १९११ मध्ये पेटन राउस याने कोंबडीच्या गाठीचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबडीत घालून तशीच गाठ निर्माण केली. त्याच्या या कार्याला नोबेल पारितोषिक मिळावयास १९६६ साल उगवावे लागले. १९३३ मध्ये रिचर्ड शोप याने रानटी सशांच्या अंगावरील चामखिळी विषाणूजन्य असल्याचे दाखविले, आणि त्याच चामखिळी पुढे कर्करोगात परिणत होतात हे राउस व त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. सशाच्या बाबतीत जे मान्य झाले ते माणसाच्या बाबतीत कल्पनेतही आणावयास शास्त्रज्ञ सुमारे चाळीस वर्षे कचरत होते.

१९६० नंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जननेंद्रियांच्या नागिणीसारख्या विकाराचा, म्हणजे हर्पिसचा, विषाणू संशयित ठरला. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन संशोधकाने त्या विषाणूचा अंश कर्करोगाच्या पेशींत शोधून पाहिला, पण तो आढळला नाही. तेव्हा त्याने आपले लक्ष चामखिळीच्या विषाणूकडे वळविले. हा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस होय. लॅटिनमधील ‘स्तनाग्र’वाचक शब्दाला गाठीचा प्रत्यय लावून ‘पॅपिलोमा’ ही संज्ञा सिद्ध झाली आहे. या विषाणूचे एकच रूप नसून अनेक प्रकार आहेत, हे हळूहळू उघड होत गेले. आज त्यांची संख्या दोनशेहून अधिक मानली जाते. चामखिळीतून प्रथम वेगळा केलेला ६ क्रमांकाचा प्रकार कर्करोगात सापडेना. १९८३ मध्ये १६ क्रमांकाचा व पुढील वर्षी १८ क्रमांकाचा प्रकार मात्र थेट गर्भाशयमुखाच्या कर्करोगातूनच हाती आला. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून १९५१ साली घेतलेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढविल्या गेलेल्या पेशींतही १८ क्रमांकाचा प्रकार आढळला. जो पुरावा शोधावयाचा होता तो तीस वर्षे संशोधकांच्या शीतपेट्यांतच पडून होता, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. त्सुर हाउझेन यास २००८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

या ठिकाणी एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. चामखीळ स्वतः कर्करोगाचे रूप घेते असे सहसा घडत नाही. चामखिळी बहुतांशी ६ व ११ या प्रकारांमुळे होतात, आणि कर्करोग मुख्यतः १६ या प्रकारामुळे होतो. हे सर्व प्रकार एकाच मार्गाने शरीरात येतात. म्हणून चामखीळ ही कर्करोगाची जननी नव्हे, तर त्याच वाटेने आलेल्या सोबत्याची खूण होय. सोळावा प्रकार पेशीत दोन प्रथिने निर्माण करतो. त्यांपैकी एक प्रथिन पेशीतील बिघाड ओळखणाऱ्या ‘पी ५३’ या रक्षक प्रथिनाचा नाश घडविते, आणि दुसरे पेशीविभाजनास आवर घालणाऱ्या प्रथिनास निष्प्रभ करते. बहुतेक व्यक्तींचे शरीर हा संसर्ग एक-दोन वर्षांत परतवून लावते. ज्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे टिकून राहतो त्यांनाच धोका संभवतो.

५

गर्भाशयमुख व गुदनलिका यांच्या रचनेत एक लक्षणीय साम्य आहे. दोन्ही ठिकाणी चपट्या पेशींचे अस्तर आणि स्तंभासारख्या उभ्या पेशींचे अस्तर एका रेषेवर मिळते, आणि या संधिप्रदेशात विषाणूला थारा मिळतो. असे असूनही गुदद्वाराच्या कर्करोगाचा विचार या दिशेने झाला नाही. त्यास वर्गीकरण अंशतः कारणीभूत झाले. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीत गुदद्वाराच्या व गुदाशयाच्या कर्करोगांना १५४ हा एकच मुख्य क्रमांक होता. केवळ मुख्य क्रमांकानुसार आकडे मांडले की विरळ रोग बहुसंख्य रोगात बुडून जात असे. वस्तुतः हे दोन रोग पेशींच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न आहेत. दहाव्या आवृत्तीत गुदद्वार व गुदनलिका यांना स्वतंत्र क्रमांक मिळाला.

१९८२ मध्ये जॅनेट डेलिंग व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या नोंदींवरून असे दाखविले की, या रोगाच्या पुरुष रुग्णांत अविवाहितांचे प्रमाण अपेक्षेहून पुष्कळ अधिक आहे. त्यांनीच १९८७ मध्ये एकशे अठ्ठेचाळीस रुग्णांची विचारपूस करून त्यांची तुलना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांशी केली. गुदमैथुनाचा पुरुषांतील रोगाशी दृढ संबंध दिसला. स्त्रियांत तो संबंध क्षीण होता. परंतु जननेंद्रियांवरील चामखिळींचा पूर्वेतिहास स्त्री-पुरुष उभयतांत ठळकपणे आढळला, आणि धूम्रपानाचाही. यावरून विचारी वाचकाच्या ध्यानात येण्याजोगी गोष्ट अशी होती की, प्रश्न एखाद्या विशिष्ट कृतीचा नसून संसर्गाचा आहे.

दाहाच्या जुन्या सिद्धांताची परीक्षा डेन्मार्कमध्ये झाली. मूळव्याध, भगंदर इत्यादींनी रुग्णालयात दाखल झालेल्यांचा पुढील वर्षांत मागोवा घेऊन १९९४ मध्ये फ्रिश व सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळव्याधीच्या निदानानंतर पहिल्या वर्षात कर्करोग पुष्कळ अधिक आढळे, आणि पुढे हे आधिक्य झपाट्याने घटत जाई. मूळव्याध हे जर कारण असते, तर धोका वर्षांबरोबर टिकावयास अथवा वाढावयास हवा होता. आरंभीच उसळून ओसरणारे प्रमाण निराळेच सांगते : ज्याला मूळव्याध म्हटले ते पुष्कळदा कर्करोगाचेच पहिले लक्षण होते. कारण आणि परिणाम यांची येथे अदलाबदल झाली होती, आणि ती घडविली एका सोयीस्कर नावाने.

यानंतर १९९७ चे संशोधन आले. त्यात चारशेहून अधिक रुग्ण होते व त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या तिपटीहून अधिक होती. तपासलेल्या गुदकर्करोगाच्या नमुन्यांपैकी ८४ टक्क्यांत धोकादायक प्रकारचा, विशेषतः १६ क्रमांकाचा, विषाणू आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या गुदाशयाच्या ग्रंथिजन्य कर्करोगाच्या एकाही नमुन्यात तो नव्हता. परस्परांपासून काही अंगुळांच्या अंतरावर असलेल्या दोन रोगांत इतका स्वच्छ भेद दिसावा, हा पुरावा निर्णायक ठरला.

६

उपचाराच्या इतिहासातही अशीच एक अनपेक्षित कलाटणी आहे. अर्नेस्ट माइल्स याने १९०८ मध्ये वर्णिलेली मोठी शस्त्रक्रिया या रोगावर केली जात असे. तीत गुदद्वार व गुदाशय काढून टाकावे लागत आणि रुग्णास जन्मभर पोटावरील कृत्रिम मलमार्गावर विसंबावे लागे. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या नॉर्मन नायग्रो याने शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी म्हणून तीन रुग्णांना किरणोपचार व दोन औषधे एकत्र दिली. त्यांपैकी दोघांवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा काढलेल्या भागात कर्करोगाचा मागमूस नव्हता. तिसऱ्याने शस्त्रक्रियेस नकार दिला आणि तोही बरा राहिला. तयारी म्हणून योजलेली गोष्ट हाच मुख्य उपचार ठरला. आज बहुसंख्य रुग्णांना कृत्रिम मलमार्गाची गरज भासत नाही. मात्र त्यासाठी रोग वेळीच ओळखला गेला पाहिजे.

एचआयव्हीच्या प्रादुर्भावानंतर या रोगाचे महत्त्व वाढले, कारण प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीत विषाणू अधिक काळ टिकतो. एचआयव्हीबाधित समलिंगी पुरुषांत या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखामागे सुमारे ८५ असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. अवयवारोपण केलेल्यांत व गर्भाशयमुखाचा कर्करोग अथवा त्याची पूर्वावस्था होऊन गेलेल्या स्त्रियांतही धोका वाढतो. २०२२ मध्ये जोएल पॅलेफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांवरील प्रयोगाचे फलित प्रसिद्ध केले. कर्करोगाची पूर्वावस्था शोधून तिच्यावर उपचार केल्यास कर्करोग ५७ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले. लसीच्या बाबतीत, समलिंगी पुरुषांवरील प्रयोगातून गुदनलिकेतील पूर्वावस्था टळत असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत या कारणासाठी लसीस मान्यता मिळाली होती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी असलेला संबंध प्रत्यक्ष आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांची तुलना करणारा प्रयोग झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा त्यात सहभाग होता. या विषाणूची चाचणी एकदा केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चाचणी न केलेल्या गटात ६४. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरच्या चाचणीधोरणावर प्रभाव टाकला. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने सिद्ध केलेल्या ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांवरील लसीस २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली, आणि ती मान्यता स्त्री व पुरुष या दोघांसाठी आहे.

७

विषाणू एकच आणि पेशीतील बिघाडही एकच. तथापि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी गावोगाव शिबिरे भरतात, आणि गुदद्वाराच्या कर्करोगाचे नाव घ्यावयास सुशिक्षितही संकोचतात. हा संकोच केवळ मराठीपुरता मर्यादित नाही. अभिनेत्री फॅरा फॉसेट हिचा २००९ मध्ये या रोगाने मृत्यू झाला, आणि २०१९ मध्ये मार्शिया क्रॉस या अभिनेत्रीने आपल्याला हाच रोग झाल्याचे उघडपणे सांगितले. रोगाच्या नावाभोवतीची लज्जा दूर व्हावी म्हणूनच आपण बोलत आहोत, असे तिला आवर्जून सांगावे लागले.

या संकोचाच्या मुळाशी असलेला तर्क तपासून पाहिला तर तो टिकत नाही. हा विषाणू इतका सर्वव्यापी आहे की लैंगिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी गाठतोच. तो त्वचेच्या स्पर्शाने पसरतो, म्हणून निरोध वापरल्याने धोका घटतो, पण पूर्णतः टळत नाही. गुदमैथुन कधीही न केलेल्या व्यक्तींनाही हा रोग होतो. समलिंगी पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आहे, परंतु एकूण रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त आहे. म्हणून रोगावरून रुग्णाच्या आचरणाचे अनुमान काढणे हे शास्त्रदृष्ट्याही चूक आहे. भारतात सप्टेंबर २०१८ पर्यंत प्रौढांचे संमतीने झालेले समलिंगी संबंध दंडनीय होते. ज्या इतिहासकथनाने शिक्षेची भीती वाटावी ते रुग्णाने वैद्यापाशी मोकळेपणाने करावे, ही अपेक्षा त्या काळी व्यर्थच होती.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे इष्ट होईल. मराठीत त्या जागेच्या कोणत्याही तक्रारीला, मग ती रक्त पडण्याची असो, गाठीची असो वा दुखण्याची, एकच नाव लाभते : मूळव्याध. बाजारपेठेतील पाट्यांवरही तेच नाव असते आणि रुग्ण स्वतःचे निदान त्याच नावाने करून मोकळा होतो. डेन्मार्कमधील रुग्णालयांत, जेथे नोंदी काटेकोर होत्या, तेथेही या नावाखाली कर्करोग दडून राहिला. जेथे रुग्ण तपासणीविनाच मलम लावून वर्ष काढतो, तेथे किती दडून राहत असेल याची कल्पना करता येते. अर्श आणि चर्मकील यांना एका अध्यायात बसविणाऱ्या प्राचीन वैद्यापाशी दृश्य रूपाखेरीज साधन नव्हते. आज साधने आहेत. ‘गुप्तरोग’ या शब्दाच्या जागी ‘लैंगिक संसर्गजन्य रोग’ हा शब्द शासकीय मराठीत आला, हे स्वागतार्ह होय. त्याच न्यायाने ‘मूळव्याध’ या शब्दाची व्याप्ती आकुंचित करून, न ओसरणाऱ्या गाठीला अथवा रक्तस्रावाला निदान होईपर्यंत कोणतेच नाव न देण्याची शिस्त रुग्णाने व वैद्याने अंगी बाणविली, तर नायग्रोच्या उपचाराचा लाभ वेळेवर घेता येणाऱ्यांची संख्या निश्चित वाढेल.